वीस अंशांच्या आतले चारठाणे

उष्णकटिबंध कोठे सुरू होतो, या प्रश्नाचे शालेय भूगोलातील उत्तर साडेतेवीस अंश असे आहे. कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असलेला अवघा महाराष्ट्र त्या हिशेबाने उष्णकटिबंधात येतो आणि प्रश्न तेथेच मिटतो. हवेच्या तापमानाचा दीर्घकालीन इतिहास लिहिणाऱ्या मंडळींनी मात्र आपल्या कामापुरती निराळी हद्द आखून घेतली. विषुववृत्ताच्या दोन्ही अंगांना २० अंशांपर्यंतचा पट्टा, एवढाच त्यांच्या लेखी पुष्कळदा 'उष्णकटिबंध' असतो. या हद्दीने महाराष्ट्राचे दोन भाग पडतात. नागपूर, अकोला, बुलढाणा, जळगाव बाहेर राहतात. मुंबई, पुणे आणि बहुतेक सगळा मराठवाडा आत येतो. परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यातील चारठाणा हे गाव या हद्दीच्या जेमतेम आत आहे.

उपग्रहांच्या नोंदी ज्या स्वरूपात प्रसिद्ध होतात, त्यातील एका प्रचलित संचात सारी पृथ्वी अडीच अडीच अंशांच्या चौकोनांत विभागलेली असते. १७.५ ते २० अंश उत्तर आणि ७५ ते ७७.५ अंश पूर्व असा जो चौकोन आहे, त्यात चारठाणा पडते. त्याच चौकोनात औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर), जालना, बीड, लातूर, धाराशिव, परभणी, हिंगोली आणि नांदेड ही मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांची मुख्य ठिकाणे आहेत, शिवाय सोलापूरही आहे. या सगळ्यांच्या डोक्यावरील कित्येक किलोमीटर जाडीच्या हवेला दरमहा एकच आकडा मिळतो. निजामाच्या सुभेदारीनंतर मराठवाडा इतका एकजिनसी कोणी मानला नसेल.

या आकड्यांचा इतिहास आम्हांला येथे सांगायचा आहे. तो सांगण्यासाठी चारठाण्याची आठवण व्हावी, याचे कारण केवळ अक्षांश नव्हे. या गावात जुन्या मंदिरांचे अवशेष आहेत, एक उंच कोरीव स्तंभ आहे आणि मराठवाड्यात दगडी मंदिर म्हटले की जो शब्द आपोआप तोंडी येतो तोच येथेही चिकटलेला आहे: हेमाडपंती. वास्तविक हेमाद्री हा महादेव व रामचंद्र या यादवराजांचा श्रीकरणाधिप, म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. त्याच्या जन्माआधीची मंदिरेही आपण बिनदिक्कत त्याच्या नावावर मांडतो. अशा गावातल्या एखाद्या भिंतीसमोर उभे राहिले की अभ्यासकाला पहिला प्रश्न पडतो तो असा की, हा दगड मुळात येथलाच आहे, की पडलेल्या दुसऱ्या देवळाचा येथे आणून बसवला आहे? या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत त्या भिंतीवरून कालनिर्णय करता येत नाही. राजवाड्यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढला, तेव्हापासून मराठी वाचकाला बखर आणि अस्सल कागद यांतला भेद ठाऊक आहे. वा. सी. बेंद्रे यांनी तर आपल्या ग्रंथाला 'साधन-चिकित्सा' हेच नाव दिले. आमचे म्हणणे एवढेच की, उष्णकटिबंधाची हवा तापते आहे की नाही हा गेल्या पस्तीस वर्षांतला गाजलेला वाद पदार्थविज्ञानाचा असल्यासारखा भासला, पण तो जितका सुटला तितका साधनचिकित्सेने सुटला. आणि ती चिकित्सा करताना जे कागद बाजूला ठेवावे लागले, त्यांत आपले कागद होते.

वाद समजण्यापुरते थोडे विज्ञान पाहू. उकळत्या पाण्याचा थेंब हातावर पडला तर पोळते, पण पातेल्याचे झाकण काढताना बोटांवर वाफ जिरली तर अधिक पोळते. वाफेचे पाणी होताना तिच्यात साठलेली उष्णता मोकळी होते, हे त्याचे कारण. उष्णकटिबंधात नेमके हेच मोठ्या प्रमाणावर घडते. तापलेली दमट हवा वर चढते, थंड होते, ढग बनतात आणि वाफेतली उष्णता वरच्या थरांना मिळते. कोरडी हवा वर चढताना दर किलोमीटरला सुमारे ९.८ अंशांनी थंड होते. दमट हवा त्याहून बरीच कमी. आता जमिनीलगतची किंवा समुद्रावरची हवा एक अंशाने तापली, तर तिच्यात सुमारे सात टक्के जास्त बाष्प मावते. म्हणजे वर नेऊन सोडण्याची उष्णताही वाढली. म्हणून सिद्धान्त असे सांगतो की, उष्णकटिबंधात तळाशी जेवढी तापमानवाढ होईल, त्याहून अधिक ती वर, दहा-बारा किलोमीटरांच्या आसपास, दिसली पाहिजे. हा हरितगृह वायूंपुरताच लागू असलेला नियम नाही. तापण्याचे कारण कोणतेही असो, दमट हवेचा स्वभाव हाच.

मराठवाड्याच्या शेतकऱ्याला यातले सूत्र वेगळ्या भाषेत ठाऊक आहे. खाली ऊन आणि वर गारठा असेल तर ढग उभे वाढतात. वर आणि खाली यांतला फरक बुजला तर आभाळ येते आणि न बरसता जाते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यावर आणि विदर्भावर गारपिटीचे जे दिवस आले, त्यात उभा रब्बी हंगाम आणि फळबागा झोपल्या. गार किती मोठी राहील आणि ती वाटेत वितळेल की नाही, हे शून्य अंशाची पातळी किती उंचीवर आहे यावर बरेचसे ठरते. ती पातळी दशकागणिक कशी सरकते हा, चारठाण्याच्या शिवारापासून चार-पाच किलोमीटर उंचीवरचा, पूर्णपणे स्थानिक प्रश्न आहे. एका गारपिटीवरून दीर्घकालीन कल काढता येत नाही, हे उघडच आहे. परंतु कल ज्यावरून काढायचा ती वही कोणत्या स्थितीत आहे, हे विचारण्याचा हक्क मात्र त्या शिवाराला आहे.

ही वही भारतात बरीच जुनी आहे. वरच्या हवेच्या अभ्यासासाठी आग्रा येथे १९१४ साली वेधशाळा निघाली. फुग्याला बांधून तापमान व दाब यांची रेघ स्वतःच ओढणारे छोटे यंत्र वर सोडायचे. फुगा फुटला की ते कोठेतरी रानात पडायचे आणि ज्याला सापडेल त्याने ते बक्षिसाच्या आशेने परत आणून द्यायचे, अशी त्या काळी जगभर चालणारी रीत होती. यंत्र परत आले तर नोंद, न आले तर नाही. अशा नोंदींच्या आधारावर के. आर. रामनाथन यांनी १९२९ साली 'नेचर' या नियतकालिकात उत्तर गोलार्धावरील हवेच्या तापमानाचा उभा छेद मांडला. पृथ्वीवरचा सर्वांत उष्ण प्रदेश विषुववृत्तालगतचा असला, तरी सोळा-सतरा किलोमीटर उंचीवरची सर्वांत थंड हवा त्याच प्रदेशावर असते, ही आज पाठ्यपुस्तकात एका ओळीत सांगितली जाणारी गोष्ट त्या छेदातून ठळक झाली. गुराख्याने उचलून आणलेल्या यंत्रावरून जागतिक महत्त्वाचा निष्कर्ष निघावा, यात आम्हांला विज्ञानाच्या इतिहासातला एक लोभस क्षण दिसतो.

हवामान खात्याचे मुख्य कार्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यास आले. पुढे १९४० च्या दशकात फुग्याबरोबर रेडिओचा छोटा प्रेषक पाठवण्याची पद्धत भारतात रुजली. यंत्र परत येण्याची वाट पाहण्याची गरज उरली नाही. येथे आपल्या कथेची पहिली गाठ बसते. पुण्यात जे यंत्र घडले ते पंख्याचे होते: फुगा वर चढताना वाऱ्याने पंखा फिरे आणि त्याच्या फेऱ्यांबरोबर संकेत जात. दिल्लीत जे घडले ते घड्याळाच्या चावीवर चालणारे होते. दोन्ही देशी, दोन्ही परकीय आयातीला पर्याय म्हणून जिद्दीने उभी केलेली आणि दोन्ही निरनिराळ्या केंद्रांवर एकाच वेळी वापरात. पुढे त्यांच्या जागी नवे यंत्र आले, धातूच्या पट्टीऐवजी थर्मिस्टर आला. १९५७ साली जगभरच्या फुग्यांच्या वेळा बदलून त्या आज आहेत त्या झाल्या. भारतात पहाटे साडेपाच आणि सायंकाळी साडेपाच. १९४८ पासून पुण्यात उपकरणांचे काम पाहणाऱ्या अण्णा मणी यांनी मोजमापाच्या प्रमाणीकरणासाठी केलेली खटपट प्रसिद्धच आहे. चुकीचे माप घेण्यापेक्षा माप न घेणे बरे, या वृत्तीच्या त्या होत्या. पण हे सारे उद्याच्या अंदाजासाठी होते. पन्नास वर्षांनंतर कोणी येऊन दशकाला दशांश अंशाचा फरक या वहीतून शोधील, हे त्या वेळी कोणाच्या मनातही नसणार. अंदाजासाठी अर्ध्या अंशाची गफलत चालते. दीर्घकालीन इतिहासासाठी ती सर्वनाशी ठरते.

तोवर अमेरिकेत दुसरे साधन तयार झाले होते. १९७८ च्या अखेरीपासून ध्रुवावरून ध्रुवाकडे फिरणाऱ्या हवामान उपग्रहांवर सूक्ष्मलहरी मोजणारे यंत्र बसवले जाऊ लागले. हवेतील प्राणवायूचे रेणू या लहरी सोडतात आणि त्यांची तीव्रता तापमानावर अवलंबून असते. म्हणजे सबंध पृथ्वीभोवतीच्या हवेचा एक जाड थर एकाच यंत्राने मोजता येतो. अलाबामातील रॉय स्पेन्सर आणि जॉन क्रिस्टी यांनी १९९० साली 'सायन्स'मध्ये या यंत्राच्या पहिल्या दहा वर्षांचा हिशेब मांडला आणि त्यात तापमानवाढीचा ठळक कल दिसत नसल्याचे सांगितले. जमिनीवरचे तापमापक तर वाढ दाखवत होते. उष्णकटिबंधात विसंगती सर्वांत टोकाची होती, कारण तेथे वरची हवा अधिक तापायला हवी होती. पुढली पंधरा वर्षे हा आकडा राजकारण्यांच्या भाषणांत, वर्तमानपत्रांच्या अग्रलेखांत आणि तज्ज्ञांच्या साक्षींत फिरत राहिला.

आता साधनाची परीक्षा सुरू झाली. १९९८ साली फ्रँक वेन्ट्झ आणि मॅथियास शाबेल यांनी दाखवले की, उपग्रह वातावरणाच्या विरळ घर्षणाने हळूहळू खाली येत असतात आणि त्यामुळे त्यांची तिरकी दृष्टी बदलून खोटी घट दिसते. २००४ साली चिआंग फू व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की, तपांबराच्या म्हणून धरलेल्या आकड्यात वरच्या, थंड होत चाललेल्या स्थितांबराचा अंश मिसळलेला आहे. आणि २००५ साली कार्ल मिअर्स व वेन्ट्झ यांनी सर्वांत मर्मभेदक मुद्दा काढला. उपग्रहाची कक्षा सरकते, त्यामुळे एखाद्या ठिकाणावरून तो ज्या स्थानिक वेळी जातो ती वेळ वर्षागणिक बदलते. दुपारी दोनचे तापमान आणि काही वर्षांनी सायंकाळी पाचचे तापमान यांची तुलना करून 'हवा थंड झाली' असे म्हणण्यात जो घोटाळा आहे, तोच येथे होता. त्यासाठी दुरुस्ती केलेली होती; पण ती उष्णकटिबंधात उलट्या चिन्हाने झालेली होती. अलाबामाच्या मंडळींनी हे मान्य केले आणि त्यांचा जागतिक कल दशकाला सुमारे ०.०९ अंशावरून ०.१२ अंशापर्यंत गेला. विरोधकाने दाखवलेली त्रुटी स्वीकारून आकडा बदलणे ही गोष्ट आमच्या इतिहाससंशोधकांच्या भांडणांत फारशी आढळत नाही. असो.

त्याच वर्षी, त्याच नियतकालिकात, फुग्यांचीही झडती झाली. स्टीव्हन शेरवुड, जॉन लॅन्झांटे आणि कॅथरिन मेयर यांनी एक साधी युक्ती योजली: एकाच केंद्रावरच्या दिवसाच्या आणि रात्रीच्या फुग्यांची तुलना करायची. वर विरळ हवेत ऊन थेट तापमापकावर पडते. जुन्या यंत्रांना झाकण निकृष्ट होते, म्हणून दिवसाचे आकडे खऱ्यापेक्षा जास्त येत. नवी यंत्रे सुधारत गेली तसतशी ही खोटी उष्णता कमी होत गेली. यंत्र सुधारले, आणि हवा थंड झाल्यासारखी दिसली! दिवस आणि रात्र यांतला फरक दशकागणिक आटत गेला होता, हीच त्याची खूण. महाराष्ट्राच्या रेखांशावर सायंकाळी साडेपाचला, विशेषतः उन्हाळ्यात, सूर्य चांगला वर असतो; पहाटे साडेपाचचा फुगाही तासाभरात उन्हात शिरतो. आपल्या येथील दोन्ही नोंदींवर उन्हाची सावली आहे, असे म्हणता आले असते, तर ते वाक्य अधिक शोभले असते.

या झडतीत भारताचे काय झाले, हे आम्हांला विशेष टोचते. लॅन्झांटे, क्लाइन आणि सायडेल यांनी जगातली ८७ केंद्रे निवडून त्यांच्या नोंदी अक्षरशः एकेक करून डोळ्यांखालून घातल्या होत्या. कोठे अचानक उडी आहे, ती यंत्र बदलल्यामुळे की खरीच, याचा निवाडा केला होता. त्यांच्या कामावर २००५ साली जो संच उभारला गेला, त्यात ८७ पैकी ८५ केंद्रे घेतली. गाळलेली दोन्ही केंद्रे भारतातली होती. नोंदींत इतक्या उड्या होत्या की त्या सांधता येईनात. यात पाश्चात्त्यांचा आकस शोधण्याची हौस कोणाला असल्यास त्यांनी शोधावा. आमच्या मते निर्णय योग्य होता. ज्या पत्राची तारीख संशयास्पद, ते पत्र राजवाड्यांनीही कालनिर्णयाला घेतले नसते. पण त्याची किंमत अशी की, उष्णकटिबंधाच्या हवेवर जगात सर्वांत कडाक्याचा वाद चालला असताना, त्या पट्ट्यातील दाट वस्तीच्या एका मोठ्या देशाची साक्ष त्या संचात नव्हती. चारठाण्याहून सरळ रेषेत शंभर-सव्वाशे किलोमीटरांवर, औरंगाबादेतही, फुगे सुटत होते.

आपल्याकडे या नोंदींवर कोणी बसलेच नाही, असे मात्र नव्हे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील डी. आर. कोठावळे आणि के. रूपकुमार यांनी १९७१ ते २००० या तीस वर्षांच्या भारतीय फुग्यांच्या नोंदी घेऊन तपांबराचे तापमान व मोसमी पाऊस यांचा संबंध तपासला. तो लेख २००२ साली 'मौसम'मध्ये आला. १९७१ हे आरंभवर्ष पाहिले म्हणजे त्यामागची सावधगिरी लक्षात येते.

मग उष्णकटिबंधाचे उत्तर काय निघाले? येथे वाचकाने थोडा धीर धरावा, कारण उत्तर सरळ नाही. २००६ च्या अमेरिकी सरकारी अहवालाने म्हटले की, जागतिक पातळीवर विसंगती उरली नाही, उष्णकटिबंधात मात्र प्रश्न खुला आहे. २००७ च्या डिसेंबरात डग्लस, क्रिस्टी, पिअर्सन आणि सिंगर यांनी निरीक्षणे व प्रतिमाने यांचा मेळ बसतच नाही असे प्रतिपादले. २००८ मध्ये बेंजामिन सँटर आणि बरेच सहलेखक यांनी त्याच नियतकालिकात त्या गणितातला दोष दाखवून उलट निष्कर्ष काढला. आमच्या दृष्टीने या सगळ्यातला निर्णायक मुद्दा सँटर यांनीच २००५ साली मांडलेला आहे. महिन्या-महिन्यांचे आणि वर्षा-वर्षांचे चढउतार पाहिले, एल निनोच्या वर्षी काय होते ते पाहिले, तर सगळे नोंदसंच एकमुखाने सांगतात की वरची हवा खालच्यापेक्षा अधिक तापते. फक्त दशकांचा कल काढायला बसले की काही संच वेगळे बोलू लागतात. वाफेचा स्वभाव महिन्याला एक आणि दशकाला दुसरा असण्याचे कारण नाही. जे दीर्घकाळातच बिघडते, ते हवेपेक्षा यंत्रांच्या बदलत्या मालिकेत असण्याचा संभव अधिक.

२००८ सालीच रॉबर्ट अ‍ॅलन आणि शेरवुड यांनी तापमापक अजिबात न वापरता तापमान काढून दाखवले. उंचीनुसार वारा कसा बदलतो, हे शेजारशेजारच्या हवेतील तापमानाच्या फरकावर अवलंबून असते. आणि वारा मोजण्यासाठी फुगा कोठे वाहून गेला एवढेच पाहावे लागते. तेथे उन्हाचा, झाकणाचा, थर्मिस्टरचा प्रश्न येत नाही. त्यांच्या हिशेबात उष्णकटिबंधाची वरची हवा तापल्याचे निघाले. या ठिकाणी भारतीय वाचकाला पी. कोटेश्वरम यांची आठवण व्हावी. पावसाळ्यात द्वीपकल्पावर चौदा-पंधरा किलोमीटर उंचीवरून पूर्वेकडून पश्चिमेकडे धावणारा झोत त्यांनी १९५८ साली प्रकाशात आणला, तो फुग्यांच्या वाटचालीवरूनच. ज्या फुग्यांचे तापमान विश्वासार्ह ठरले नाही, त्यांचे भरकटणे मात्र खरे होते.

तरीही वाद पुरता संपला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. आंतरशासकीय मंडळाच्या २०२१ च्या सहाव्या अहवालाने दोन गोष्टी एका दमात सांगितल्या आहेत: निदान २००१ पासून उष्णकटिबंधाच्या वरच्या तपांबरातील हवा जमिनीलगतच्या हवेपेक्षा वेगाने तापली आहे, आणि बहुतेक प्रतिमाने हा वेग प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवतात. दोन्हींना 'मध्यम विश्वास' अशी पुस्ती जोडलेली आहे. अमेरिकेच्या नोआ या संस्थेचा उपग्रहसंच २०२३ मध्ये नव्याने बांधला गेला, तेव्हा त्यातला वेगही पूर्वीपेक्षा कमी निघाला. दुरुस्त्या दर वेळी एकाच दिशेने जात नाहीत. ज्यांना त्या तशा जायला हव्या असतात, त्यांच्यासाठी हा इतिहास दोन्ही बाजूंनी गैरसोयीचा आहे.

२००१ हे वर्ष त्या अहवालात आले आहे, त्याला कारण आहे. दिशादर्शक उपग्रहांचे संकेत वातावरणाच्या कडेतून जाताना वाकतात. ते किती वाकले हे दुसऱ्या उपग्रहावरून मोजले, तर त्यावरून हवेची घनता व तापमान निघते. मोजायचा असतो तो केवळ वेळ, आणि वेळ आण्विक घड्याळाने मोजता येतो. त्यामुळे एक उपग्रह निवृत्त होऊन दुसरा आला तरी नोंदीत सांधा दिसत नाही. या पद्धतीची सलग नोंद २००१ पासून सुरू होते. भारतातही २००९ पासून काही केंद्रांवर जीपीएसची नवी यंत्रे फुग्यांबरोबर जाऊ लागली. त्याआधीची, १९७९ ते २००१ ही बावीस वर्षे मात्र आता नव्याने मोजता येणार नाहीत. अडीच अंशांच्या त्या चौकोनापुरते बोलायचे, तर त्या वर्षांना साक्षीदार दोनच: खाली घसरत, वेळ चुकवत जाणारे उपग्रह आणि संध्याकाळी साडेपाचला उन्हात सुटलेले फुगे.